तांबड्या शाईतले अर्ज

मास्तर लोकांना घरं मिळवून द्यावीत असं सरकारच्या मनात आलं, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की आता मास्तरच त्यात माती कालवणार. सरकारला नावं ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. पण मास्तरांच्या सभेत दोन तास बसलेलं माणूस सरकारला पुन्हा कधी नावं ठेवणार नाही. मी स्वतः म्युनिसिपालिटीच्या शाळेत बाई होते, परळला, तेव्हा हे काही ऐकीव सांगत नाही.

योजना साधी होती. ज्या शिक्षकाच्या नावावर मुंबईत घर नाही त्यानं शिक्षकांच्या सोसायटीमार्फत अर्ज करायचा, त्यावर सोसायटीच्या अध्यक्षानं शिफारशीची सही करायची. सरकार वरळीला ब्लॉक बांधणार, थोडे पैसे आधी घेणार आणि बाकीचे पगारातून कापणार. दोन खोल्या. मोरी आत, संडासही आत. आमच्या भोईवाड्याच्या चाळीत मी हे वहिनीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "घरात संडास? शी! आणि जेवायचं कुठं मग?"

खोली भावाच्या नावावर होती. वडील गिरणीत होते. ते गेल्यावर भाड्याची पावती भावाच्या नावे झाली आणि गिरणीतलं कामही त्यालाच लागलं. खोलीत भाऊ, वहिनी, त्यांची चार मुलं आणि मी. मी तिशी ओलांडलेली, बिनलग्नाची. आणि आई? आई बाहेर, गॅलरीत. पहाटे नळावर आणि संडासाला जाणारे तिच्या अंथरुणावरून ढांगा टाकत जायचे. कुणाची ठेच लागली की हीच अर्धवट उठून विचारायची, "रे, लागला नाय मां तुका?" तिचे गुडघे गेले होते. उठताना कठड्याला धरून आधी एक पाय, मग दुसरा, असं चालायचं. वहिनी वाईट नव्हती, पण सात माणसं झोपल्यावर आठवं कुठं झोपवायचं, ह्याला ती तरी काय करणार?

तेव्हा मला काय हवं होतं ते सरळ सांगते. आईला दाराच्या आत झोपवायचं होतं. बाकीचं सगळं मला नंतर चालणार होतं.

सोसायटीचे अध्यक्ष दादरच्या एका हायस्कुलात हेडमास्तर होते. राहायला गिरगावात, सासऱ्यांच्या दोन खोल्यांत. बारा-चौदा वर्षं हा गृहस्थ सासूच्या हातचं जेवत होता आणि सभेत स्वाभिमानावर बोलत होता. आवाज मोठा. मधेच थांबून चष्मा काढायचा, पुसायचा, पुन्हा घालायचा. तेवढ्या वेळात आम्ही कौतुकानं बघत बसावं अशी अपेक्षा. "मी नम्रपणे सुचवू इच्छितो," असं म्हणून सुरुवात केली की समजावं, आता अर्धा तास गेला.

सभा आमच्या शाळेत भरायच्या, पहिलीच्या वर्गात, कारण दुसरा वर्ग मोकळा नसायचा. एकेक बाप्या माणूस बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसलेला, आणि चर्चा काय, तर मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करावं की दुरुस्तीसह कायम करावं. सूचनेला उपसूचना, उपसूचनेला हरकत. ब्लॉक राहिला बाजूला. समितीत एक भगिनी हवी म्हणून मला सहचिटणीस केलं होतं. सहचिटणीस म्हणजे खालच्या हॉटेलातून चहा मागवायचा आणि सगळं लिहून काढायचं. माझं अक्षर चांगलं, असं सगळे म्हणत. डोंबल अक्षर! फुकटची लिहिणारी मिळाली होती त्यांना.

त्या गर्दीत माझ्याच शाळेतले एक गुरुजी होते, त्यांच्याबद्दल सांगायला हवं. आमच्याच बाजूचे, कोकणातले. लालबागला गाववाल्यांच्या खोलीत नऊ-दहा जणांबरोबर राहायचे, खानावळीत जेवायचे. बायको आणि मुलगी गावी. वर्षातून एकदा, मे महिन्यात, हे गावी जायचे आणि मुलगी ह्यांना ओळखायला चार दिवस घ्यायची. ती ओळखायला लागली की शाळा सुरू. ब्लॉकचा नकाशा आला तेव्हा गुरुजींनी मुलांची फूटपट्टी घेऊन तो मोजला होता. "बाई, पाळणा इथं बसेल. दुसरं मूल झालं तर," असं म्हणून लाजले. सभेत कुणीही काही म्हटलं की पाठिंब्याला त्यांचा हात वर. मला त्यांची कीव यायची आणि खरं सांगायचं तर थोडी किळसही यायची. एवढा भाबडेपणा मोठ्या माणसाला शोभत नाही, असं माझं मत होतं.

अर्ज आले. एकेकाला एकच, त्यावर नंबर घातलेला. खराब झाला तर दुसरा मिळणार नाही, असं ऑफिसनं बजावलं होतं. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी भरायला बसले. पहिला अर्थातच अध्यक्षांचा. ते समोर खुर्ची टाकून सांगत होते, मी लिहीत होते. अर्जाच्या माथ्यावर ठळक छापलेलं होतं, 'मुंबई राज्य'. त्यांनी ते वाचलं, मान हलवली आणि खाली सही ठोकली. एका शब्दानं बोलले नाहीत. मग बाकीच्यांचे भरले. मान आणि बोटं दोन्ही दुखून आली.

त्यानंतरच्या शुक्रवारी सभा झाली आणि तिथं आम्ही सगळ्यांनी मिळून शेण खाल्लं.

ते दिवस कसे होते ते सांगितल्याशिवाय कळायचं नाही. मुंबईसह महाराष्ट्र हवा म्हणून निघालेल्या मोर्च्यांवर गोळीबार होऊन गेला होता. आमच्या चाळीतलं एक तरणंताठं माणूस त्यात गेलं होतं आणि त्याच्या घरासमोरून जाताना लहान मुलंसुद्धा गप्प व्हायची. माझा भाऊ मोर्च्यात लाठी खाऊन आला होता. डोक्याला टाके पडले होते आणि तशाच पट्टीनं तो पाळीला जात होता. मुंबई आमची, हे सांगायला आम्हाला कुणाची शिकवणी नको होती. तेव्हा मी चळवळीची चेष्टा करते आहे असं कुणी समजू नये. भावाच्या डोक्यावरची पट्टी मी रोज बदलत होते.

तर त्या सभेत अध्यक्ष उठले. चष्मा काढला, पुसला, घातला. "मी नम्रपणे सुचवू इच्छितो," ते म्हणाले, "की ज्या राज्याला आपण मानत नाही त्या राज्याचं नाव आपल्या अर्जाच्या माथ्यावर असणं हा आपला अपमान आहे. प्रत्येक सभासदानं छापील 'मुंबई राज्य' खोडावं आणि वर स्वच्छ अक्षरात 'महाराष्ट्र राज्य' लिहावं. आपण शिक्षक आहोत. चूक दिसली की दुरुस्त करणं हा आपला धर्म आहे."

टाळ्या! बाकं गदागदा हलली. मी उठले. म्हटलं, "सर, छापील मजकुरावर खाडाखोड केली तर ऑफिस अर्ज परत पाठवील. दुसरा अर्ज मिळणार नाही. सभा घ्या, निषेध करा, मोर्च्यात चला, मी येते. पण अर्जाला हात लावू नका."

"बाईंना ब्लॉकची घाई झालेली दिसते," मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. दुसरा म्हणाला, "लोक छातीवर गोळ्या घेतायत आणि आम्ही अर्ज परत येईल म्हणून भ्यायचं?" हे म्हणणारा गृहस्थ मोर्च्याच्या दिवशी पोट बिघडलं म्हणून रजेवर होता. आमच्याच शाळेतला, मस्टर माझ्यासमोर असायचं, मला माहीत होतं. पण माझ्या भावाच्या डोक्याला टाके पडलेत, हे काही मला तिथं सांगवलं नाही. सांगितलं असतं तर मी त्याची जखम दाखवून ब्लॉक मागते आहे असं वाटलं असतं. मी खाली बसले. ठराव मताला टाकला तेव्हा गुरुजींचा हात सगळ्यांत आधी वर गेला आणि शेवटी माझाही गेला. एकमतानं मंजूर, असं इतिवृत्तात मीच लिहिलं.

आणि मग गंमत बघा. खोडायचं कशानं? मास्तराच्या खिशात तांबडं पेन नाही असं होतं का कधी? पटापट निघाली. दुरुस्ती म्हटली की तांबडी शाई, हे त्यांच्या हाडीमासी भिनलेलं. पहिलीच्या बाकांवर वाकून चाळीसेक मोठी माणसं सरकारचा पेपर तपासत होती. अंगात काय उत्साह संचारला होता! एकानं तर समासात 'पुन्हा लिहा' असा शेराही मारला आणि शेजाऱ्याला दाखवला. गुरुजींनी फूटपट्टी लावून रेघ मारली, वाकडी जाऊ नये म्हणून. आपण अर्ज करतोय, परीक्षा घेत नाही, हे त्या वर्गात एकालाही आठवलं नाही. मीसुद्धा माझ्या अर्जावर तांबडी रेघ ओढली.

अध्यक्षांचा अर्ज गठ्ठ्यात सगळ्यांत वर होता. मी तो त्यांच्यापुढे धरला. "सर, तुमचा?"

"असू द्या, बाई. माझा मी घरी निवांत करतो," म्हणून त्यांनी तो घडी घालून आतल्या खिशात टाकला. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. त्याच क्षणी मला सगळं कळलं होतं, आणि मी चहाचे कप गोळा करायला लागले.

दीड-दोन महिन्यांनी ऑफिसचं जाडजूड पाकीट शाळेच्या पत्त्यावर आलं. सहचिटणीस म्हणून मीच फोडलं. सगळे अर्ज परत. छापील मजकुरात फेरफार केल्यामुळे स्वीकारता येत नाहीत. यादी होती, त्या यादीत एक नाव नव्हतं. आणि पत्राला दुसरं पान होतं. ऑफिसात कुणीतरी शहाणा आणि दयाळू माणूस बसला असावा. त्यानं लिहिलं होतं की महिनाअखेरपर्यंत अध्यक्षांच्या शिफारशीसह नव्यानं अर्ज आले तर त्यांचा विचार होईल, कोरे अर्ज मागणी केल्यास मिळतील.

मी ते पान दोनदा वाचलं. रडू आलं, आनंदानं. त्याच संध्याकाळी ट्राम पकडून गिरगाव गाठलं.

जाताना वाटभर मी शिव्या जुळवत होते. ह्या माणसाला आज सोडायचं नाही, सासूसमोर त्याची लक्तरं काढायची, असं ठरवलं होतं. दार सासूबाईंनीच उघडलं. अध्यक्ष जावई आत पाटावर बसून पोहे खात होते. बनियनवर. सभेतला तो आवाज त्या घरात कुठं नव्हताच. सासूबाई "सरका जरा" म्हणाल्या तर हे पाटासकट सरकले. दोन खोल्यांत त्यांची बायको, मेव्हणे, मेव्हण्यांच्या बायका, पोरं. मला क्षणभर त्यांची दया आली, नाही असं नाही. पण पत्र वाचून ते जे बोलले त्यानं ती दया पार आटली.

"दुसरं पान सभेपुढे नको," ते हळूच म्हणाले. "पुन्हा अर्ज करणं म्हणजे माघार. ठराव केलाय आपण. लोक काय म्हणतील?"

"आणि तुमचा अर्ज, सर? तो कसा पास झाला?"

"ती कारकुनाची नजरचूक." मग त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "सगळ्यांचे पुन्हा गेले तर माझा का परत आला नाही, हे सगळ्यांना कळेल. बाई, मला ह्या घरातून बाहेर पडायचंय हो. तुम्हाला काय हवंय, सांगा."

हीच ती वेळ. मी म्हणायला हवं होतं, चाळीस जणांच्या शिफारशी हव्यात, आणि आत्ता, नाहीतर उद्या दादरला तुमच्या शाळेच्या दारात उभी राहून ओरडेन. मी ओरडू शकले असते. परळची बाई आहे, आवाज काही कमी नाही. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "माझ्या अर्जावर सही हवी."

झालं. एवढंच. त्यांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव आला तो मी बघितला, आणि तरीही उठले नाही. कोरा अर्ज ऑफिसातून आणला की घेऊन या, म्हणाले. सासूबाईंनी मला पोहे दिले. मी खाल्ले.

पुढच्या सभेत मी पत्राचं पहिलं पान वाचून दाखवलं. स्वच्छ आवाजात, थांबत थांबत, मुलांना धडा वाचून दाखवावा तसं. सरकारचा निषेध झाला. अध्यक्ष म्हणाले की आपण घर गमावलं पण मान राखला, आणि पुन्हा टाळ्या पडल्या. गुरुजी कधी बोलायचे नाहीत, ते त्या दिवशी उभे राहिले. म्हणाले, "आधी राज्य येऊ दे. घराचं मागाहून बघू." आणि खाली बसून त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. मी इतिवृत्तात लिहिलं, एका सभासदानं भावना व्यक्त केल्या.

काही वर्षं गेली आणि राज्य आलं. लालबाग-परळला त्या रात्री कुणी झोपलं नाही. भावानं मला आणि आईला खांद्याला धरून धरून नाचवलं. आणि त्यानंतर काही महिन्यांनी ब्लॉकचं पत्र आलं. सरकारी कागद जुनेच होते, संपवायचे असणार. माथ्यावर 'मुंबई राज्य' छापलेलं, आणि कुठल्याशा कारकुनानं निळ्या पेनानं ते खोडून वर लिहिलं होतं, 'महाराष्ट्र राज्य'. मी ते पत्र हातात घेऊन हसायला लागले ती थांबेचना. वहिनीला वाटलं मला आनंदानं वेड लागलं.

शाळेत मी सांगितलं, दुसऱ्या एका यादीतून लागलं. कुठल्या यादीतून, हे कुणी नीट विचारलं नाही. अध्यक्षांनी सासऱ्यांच्या ओळखीनं मिळाल्याचं उठवलं. एकाच इमारतीत आम्ही, ते माझ्या वरच्या मजल्यावर. जिन्यात भेटले की हसायचे, जुन्या दोस्तासारखे. मला त्या हसण्याचा इतका तिटकारा होता की त्यांची चप्पल वाजली की मी दार लावून घ्यायची. पण दार लावून काय होतंय? ब्लॉक दोघांचेही एकाच सहीचे होते.

आई मात्र हरखली होती. दिवसातून दहा वेळा मोरीतला नळ सोडून बघायची. लागून झोपायला भिंत मिळाली, ह्याचंच तिला अप्रूप. दिसेल त्याला घर बघायला बोलवायची, आणि तिनंच एकदा बाजारात भेटलेल्या गुरुजींनाही बोलावलं.

एका रविवारी ते आले. नारळ आणि गावाहून आलेली कोकमं घेऊन. लालबागहून चालत आले होते, शर्ट पाठीला चिकटला होता. दोन्ही खोल्या त्यांनी बघितल्या, आतल्या खोलीत जरा जास्त वेळ उभे राहिले. मग बाहेर आईजवळ येऊन बसले. मी स्वयंपाकघरात चहाला लागले. दोघांचं बोलणं मला स्वच्छ ऐकू येत होतं.

"गुरुजी, तुमी पण अर्ज भरूचो होतो," आई म्हणाली. "बायलेक, चेडवाक घेवन इला असतास हय."

"भरलेलो मां, आये. सगळ्यांचेच परत इले."

आईनं मान वळवून मला मोठ्यानं विचारलं, "मगे तुझो कसो नाय गो परत इलो?"

माझ्या हातात साखरेचा डबा होता. दारातून मला गुरुजी दिसत होते आणि त्यांना मी. त्यांनी माझ्याकडे बघितलं. सहा-सात सेकंद असतील. ज्याला मी इतकी वर्षं भाबडा समजत होते, तो माणूस त्या सहा-सात सेकंदांत पहिलं पान, दुसरं पान, सगळं वाचून मोकळा झाला. मी वाट बघत होते. आता हा उठेल, नारळ उचलेल आणि आईसमोर मला विचारील. विचारावं त्यानं, असंच मला वाटत होतं.

गुरुजी आईकडे वळले. "सरकारान मागसून चिठ्यो टाकल्यो, आये," ते म्हणाले. "तेतूर बाईंची चिठी इली. नशीब त्यांचा."

"देवच पावलो," आई म्हणाली आणि तिनं हात जोडले.

ज्यांचं घर मी घालवलं, त्यांनीच माझ्या आईशी माझ्यासाठी खोटं बोलावं! अध्यक्षांना मी जन्मभर तुच्छ मानलं. त्या दिवसापासून मला तेवढंही करता येईना. गुरुजींनी चहा घेतला, कपबशी स्वतः विसळून पालथी घातली आणि आईच्या पाया पडून गेले. पुढं आम्ही अकरा वर्षं एकाच शाळेत शिकवलं. दर मे महिन्यात ते गावी जाताना माझा निरोप घ्यायला वर्गाच्या दारापर्यंत यायचे, आणि मी त्यांना कधीच काही सांगितलं नाही.